अनुशेषाच्या वहीत काय मांडायचं राहिलं

दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात ध्वजवंदन होतं, स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहिलं जातं, आणि दुपारपर्यंत पत्रकारांच्या हातात घोषणांचा कागद पडतो. २०१६ आणि २०२३ साली तर अख्खं मंत्रिमंडळच इथे बैठकीला आलं. दोन्ही वेळा ४० हजार कोटींच्या वरचे आकडे जाहीर झाले. मग ठरलेली चर्चा सुरू होते: यातलं जुनं किती, नवं किती, कागदावर किती आणि ट्रेझरीत किती. ही चर्चा खोटी नाही. पण ती इतकी वर्षं चालली आहे की आपण दुसरा प्रश्न विचारायचाच विसरलो. समजा, हे सगळे कोटी खरोखर आले. त्यांचं पुढे काय होतं? परभणीच्या पोरीचं लग्न अठराव्या वर्षापर्यंत थांबतं का? भूमच्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता डॉक्टर भेटतो का?

पैसा आला की माणसांचं आयुष्य आपोआप सुधारतं, हे जगात फारसं कुठे घडलेलं नाही. आणि आपल्याला तर त्यासाठी जग फिरायचीही गरज नाही, आपल्या आजोबा-पणजोबांनी ते भोगलंय. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर ज्यांचं छायाचित्र छापलं, ते हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान हे आपलेच राजे. मराठवाडा त्यांच्या राज्यात होता. ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामाची खासगी मिळकत, तिचा सारा थेट त्यांच्या तिजोरीत. त्या तिजोरीची वर्णनं आजही चवीने सांगितली जातात. त्याच राज्यात मराठी घरातल्या मुलाला वरचं शिक्षण घ्यायचं तर उर्दूतून घ्यावं लागे, आणि बहुसंख्यांपर्यंत शाळाच पोचत नसे. राज्य गरीब नव्हतं. राज्याला रयतेचा हिशेब द्यावा लागत नव्हता, एवढंच.

असाच नमुना आज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. इक्वेटोरियल गिनी नावाच्या चिमुकल्या देशात १९९०च्या दशकात तेल सापडलं. काही वर्षांत दरडोई उत्पन्नाचा आकडा युरोपातल्या काही देशांच्या जवळ गेला. १९७९पासून तिथे एकच राष्ट्राध्यक्ष आहे. उत्पन्नाच्या यादीत हा देश जिथे दिसतो, त्याच्या कितीतरी खाली तो मानवी विकासाच्या यादीत असतो. त्याच खंडात बोट्सवाना आहे. १९६६ साली तो स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता, पुढच्याच वर्षी हिरे सापडले, आणि सरकारने खाण कंपनीत स्वतःचा वाटा घेऊन तो पैसा शाळा, रस्ते, दवाखान्यांत घातला. पुढे एड्सच्या साथीने तिथलं आयुर्मान धाडकन कोसळलं. तेव्हा २००२ पासून रुग्णांना मोफत औषधं देणारा आफ्रिकेतला पहिला देश हाच. खनिज दोघांकडेही होतं.

मानवी विकासाचा निर्देशांक १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात पहिल्यांदा आला. पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन हे त्यामागचे दोघे. तीनच गोष्टी मोजायच्या: माणूस किती वर्षं जगतो, किती वर्षं शिकतो, आणि त्याचं उत्पन्न किती. फार ढोबळ माप आहे. पण ढोबळ मापाचाही एक फायदा असतो, लपायला जागा राहत नाही. २०२५च्या अहवालात १९३ देशांत भारत १३०वा आणि बांगलादेशही १३०वा. दरडोई उत्पन्न आपलं थोडं जास्त. आयुर्मान मात्र आपलं ७२ वर्षं आणि त्यांचं ७४च्या पुढे. श्रीलंकेत ते ७७च्या वर.

बांगलादेशाने हे कसं केलं, हे बघण्यासारखं आहे, कारण त्यात कोटींचा आकडा शोधूनही सापडत नाही. १९८०च्या दशकात तिथे हगवणीने मुलं मरत होती. ‘ब्रॅक’ या संस्थेने बायकांना नेमलं आणि घरोघर पाठवलं. त्या आईच्या शेजारी बसायच्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मापाचं पाणी यांचं मिश्रण तिच्याच हातून करून घ्यायच्या. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरं झाली. यातली मेख पगारात होती. शिकवणाऱ्या बाईला किती घरं फिरली यावर पैसे मिळत नसत. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन आईला विचारायचा, आणि आईच्या ध्यानात किती राहिलं यावर त्या बाईचा मेहनताना ठरायचा. आपल्याकडे प्रशिक्षणाचा अहवाल कसा लिहितात, हे ज्याने पाहिलंय त्याला या फरकाचं मोल सांगावं लागणार नाही. आपल्याकडे उपस्थितीच्या सह्या, दोन फोटो आणि चहा-बिस्किटाचं बिल जोडलं की मोहीम फत्ते.

आता आपल्या अनुशेषाकडे येऊ, म्हणजे राज्याच्या तुलनेत विकासात राहिलेल्या तुटीकडे. ती भरून मिळावी, ही जुनी मागणी. मराठवाडा-विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं वचन देणारा १९५३चा नागपूर करार, मग मागास भागांसाठी विकास मंडळांची तरतूद करणारं घटनेचं कलम ३७१(२), १९८४ साली आलेला दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ची वैधानिक विकास मंडळं, पुढे केळकर समिती. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी या मागणीसाठी आयुष्य वेचलं, आणि ती लढाई न्याय्यच होती. दांडेकर समितीने राज्यभरचा अनुशेष ३,१८६ कोटी काढला. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, सगळं धरून. पण ही मोजणी कशाची होती, तेही पाहिलं पाहिजे. किती किलोमीटर रस्ता कमी आहे, किती हेक्टर भिजत नाही, किती खाटा हव्यात. म्हणजे जे एकदा बांधता येतं, त्याची. त्या काळात तेच बरोबर होतं, बांधायचंच सगळं बाकी होतं. अडचण अशी झाली की अनुशेष म्हटलं की बांधकाम, हे समीकरण आपल्या डोक्यात कायमचं बसलं. बांधकामाला टेंडर असतं, ठेकेदार असतो, भूमिपूजन असतं, कोनशिला असते. डॉक्टरच्या बाराव्या पगाराला कोनशिला नसते.

आणि मानवी विकास तर त्या बाराव्या पगारातच असतो. आयुर्मान वाढतं ते नर्स रोज उपकेंद्रात आली तर. शिक्षणाची वर्षं वाढतात ती गणिताची जागा जूनमध्ये भरली गेली तर, डिसेंबरात नव्हे. कोस्टा रिकाने १९४८ साली सैन्यच रद्द केलं, हे अनेकांना ठाऊक असतं. १९९०च्या दशकात त्यांनी जे केलं ते कमी ठाऊक आहे. सगळा देश लहान लहान भागांत वाटला, आणि चार-पाच हजार लोकांमागे एक आरोग्य पथक नेमलं. एक डॉक्टर, एक परिचारिका, आणि घरोघर फिरणारा एक कार्यकर्ता, ज्याच्याकडे प्रत्येक घराची नोंद असते. त्या देशाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं आहे, आणि माणसं अमेरिकेपेक्षा जास्त जगतात. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रमाण ३० हजार लोकांमागे एक. घरोघर फिरणारी बाई आपल्याकडेही आहे. तिला आपण ‘आशा’ म्हणतो, पगार देत नाही, मानधन देतो, आणि तेही थकलं की ती जिल्हा परिषदेसमोर उन्हात बसते.

मला विचाराल तर गेल्या वीसेक वर्षांत मराठवाड्यात झालेला सर्वांत शहाणा सरकारी खर्च म्हणजे निळ्या रंगाची बस. मानव विकास मिशन २००६ साली सुरू झालं, त्याचं मुख्यालय आपल्याच संभाजीनगरात. मागास तालुक्यांतल्या मुलींना गावातून शाळेपर्यंत मोफत एसटी, आणि जवळच्या गावातल्या मुलींना सायकल. सातवीनंतर पोरीची शाळा का सुटते, याचं उत्तर बहुतेक वेळा पाच-सात किलोमीटरचा रस्ता हेच असतं. हे कुणीतरी ओळखलं आणि नेमकं तिथे बोट ठेवलं. पण ती बस रोज यावी लागते. ड्रायव्हर हवा, डिझेल हवं, वेळ पाळायला हवी. २०२१-२२ साली एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा हे किती नाजूक आहे ते कळलं. सायकल एकदाच वाटायची असते, तिचा फोटो निघतो. बसचा निघत नाही.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. बीड जिल्ह्यातून, आणि जालना, परभणी, धाराशिवमधूनही, दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. चार-सहा महिने फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात राहायचं. हिशेब ‘कोयत्या’चा असतो, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. कामावर एक दिवस गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळी आली तरी खाडा, पोटात दुखलं तरी खाडा. पुढे काय झालं ते २०१९ साली विधिमंडळात गाजलं. बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. तेव्हा चर्चा लोभी डॉक्टरांभोवतीच फिरली. ते होतेच. पण चाळिशीच्या आतल्या बाईला ‘पिशवी’ काढून टाकणं परवडतं, आणि महिन्याला दोन दिवस विश्रांती परवडत नाही, हा हिशेब डॉक्टरने मांडलेला नाही. तो मजुरीच्या पद्धतीने मांडलाय.

बालविवाहाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणीत २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली, बीडमध्ये जवळपास ४४ टक्क्यांची. शहरातला माणूस म्हणतो, अज्ञान. अज्ञान कसलं? आई-बाप सहा महिने फडात. घरी म्हातारी आजी आणि चौदा वर्षांची पोरगी. हंगामी वसतिगृह सुरू व्हायला उशीर, सुरू झालं तर ते मुलांसाठी बरं, वयात आलेल्या मुलीला तिथे ठेवायला बापाचा जीव धजत नाही. लग्न लावलं तर जबाबदारी सुटते, आणि जावई-लेक मिळून एक नवा कोयता होतो, त्यावर उचल मिळते. अर्थव्यवस्था आणि कारभार अशा दोन वेगळ्या पेट्या विद्यापीठातल्या पेपरात असतात. या बापाच्या अंगणात त्यांचा एकच निर्णय होतो. पोरीला पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभं करण्याचा.

सरकार इथे अगदीच हजर नाही असं नाही. योजना आहेत, ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. पण सरकारची सगळी यंत्रणा गावाच्या हद्दीला बांधलेली आहे. अंगणवाडीची नोंद इथे, बाळंतपण कोल्हापूरकडे. लसीचं कार्ड इथे, लेकरू कर्नाटकात. शाळेचा पट इथे, विद्यार्थी फडात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतोय. माणूस सहा महिने हलतो आणि सरकार एका जागी बसून राहतं. मग आरोग्य खात्याच्या हिशेबात ती गरोदर बाई ‘स्थलांतरित’ असा शेरा होऊन उरते. याला किती कोटी लागतात? फार नाही. ज्या कारखान्याच्या गाळपाचं क्विंटल-क्विंटल रोज साखर आयुक्तालयात कळतं, त्याच्या फडात किती गरोदर बायका आहेत हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळू नये, ही पैशाची टंचाई नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, कारभाराच्या गप्पा पुरे, आधी पाणी द्या, उद्योग द्या, मग बाकीचं होईल. उत्पन्नाशिवाय हे सगळं उधारीवरचं राहतं, हे श्रीलंकेने दाखवलंच आहे. १९३१पासून सार्वत्रिक मताधिकार, १९४५पासून मोफत शिक्षण, मोफत दवाखाने. त्या जोरावर त्यांनी सगळ्या दक्षिण आशियाला मागे टाकलं. आणि २०१९ साली करांत भरमसाट सवलत दिली, २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली, परकीय गंगाजळी आटत गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्ज फेडणं थांबवलं. दवाखान्यांत औषधं संपली. म्हणजे शाळा-दवाखाने चालवायला अर्थव्यवस्था लागते, यात वाद नाही. पण तिथेही बघा, बुडवलं ते शाळा-दवाखान्यांच्या खर्चाने नव्हे, वरच्या चार माणसांच्या न विचारता घेतलेल्या निर्णयांनी.

आणि उद्योग आला की बाकीचं होतं, हे आपल्या आठ जिल्ह्यांतच तपासून बघता येतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे गाड्यांचे सुटे भाग, औषधं, बिअर, सगळं बनतं. जालन्याचं लोखंड आणि बियाणं देशभर जातं. तरीही राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात मराठवाड्याचा एकही जिल्हा राज्याच्या सरासरीला पोचला नाही, संभाजीनगरसुद्धा नाही. २०१८ साली केंद्राने देशातले आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागे राहिलेले, जिल्हे निवडले तेव्हा राज्यातल्या चारांत धाराशिव होता. नेते नव्हते म्हणावं, तर शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या मातीने दिले. नेत्याने आणलेलं काम नेत्याबरोबर संपतं. नेता गेल्यावरही ज्याला चालावंच लागतं, असं फार थोडं आपण मागितलं.

मागितलं नाही असं तरी कसं म्हणू? १९७२ आहे. त्या दुष्काळाच्या आठवणी अजून घरोघर आहेत, मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडायला गेलेल्या आज्या. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. धान्य इतकं कमी पिकलं होतं की जगात दुसरीकडे त्याहून बऱ्या परिस्थितीत माणसं भुकेने मेली. इथे तशी मेली नाहीत, कारण माणसं मोर्चे काढत होती, वर्तमानपत्रं लिहीत होती, आणि सरकारला कामं काढावी लागत होती. पण गोष्ट तिथे थांबली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या कामांतून उभी राहिली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. ते तहसीलदाराच्या मर्जीवर नाही, अर्जावर. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो याच पायावर.

आणि त्यासाठी पैसा कुठून आला, हे आपण जवळजवळ विसरलोच आहोत. १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला जे २०० रुपये जातात, आणि फेब्रुवारीत ३००, तो हाच कर. शहराने पगारातून द्यायचं, आणि त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाला हक्काचं काम मिळायचं. हे पॅकेज नव्हतं. कुणी येऊन जाहीर केलं नव्हतं, आणि सरकार बदललं म्हणून बंदही करता येत नव्हतं. उत्पन्नाचा ठरलेला झरा आणि मागणाऱ्याच्या हातात कायदा, अशी ती जोडी होती. आपल्याला अजूनही त्याच जोडीची गरज आहे, फक्त पाझर तलावाऐवजी दुसऱ्या कामांसाठी.

पुढच्या १७ सप्टेंबरला मागायचंच असेल तर हे मागावं. आठही जिल्ह्यांत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि ती सलग किती महिने भरलेली राहिली, याचा तालुकावार आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करणं बंधनकारक करा, डॉक्टर, नर्स, शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक सगळ्यांचा. गाळप परवाना देताना कारखान्याला फडातल्या बायका-मुलांच्या आरोग्य तपासणीची आणि शाळेची अट घाला, आणि त्याचा खर्च टनामागे ठरावीक रकमेने तिथेच वसूल करा. साखर पट्ट्यातले पुढारी यावर ओरडतील. आपल्या भागातले कारखानदारही ओरडतील, कारण कोयते आपलेच असले तरी कारखाने आता इथेही कमी नाहीत. किशोरवयीन मुलींची वसतिगृहं दिवाळीच्या आधी उघडायची, नंतर नाही, आणि त्यासाठीची तरतूद जूनमध्ये जिल्ह्याकडे पडायची. टोळ्या ऑक्टोबरात निघतात. मुंबईहून मंजुरी जानेवारीत आली, तर तोवर त्या घरातल्या पोरीचं ठरून गेलेलं असतं.